कॉलरमधली टाचणी

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शाळा अर्ध्यात सुटली, शब्दही साधेच आहेत. दादानं जसं सांगितलं तसं लिहितो.

दादा शिंपी. पुढं दुकान, मागं घर. वहिनीच्या लहान मेंदूतली गाठ काढत होते, तेव्हा दवाखान्यात बसवेना म्हणून तो दुकानात येऊन तिचाच कोट बेतत बसला. तिच्या मापाची बिनमुंडक्याची डमी त्यानंच कापूस भरून केलेली, कोट तिच्यावरच चढवलेला. फोन खणाणला, हात दचकला, आणि कॉलरला आडवी लावायची टाचणी डमीच्या मानेत उभी, पार टाचणीच्या डोक्यापर्यंत रुतली. तो तसाच धावला. टाचणी राहूनच गेली.

वहिनी घरी आली. चालू लागली, पेला न सांडता धरू लागली. फक्त हसू नाही, रडू नाही.

"लहान मेंदू नुसता शरीराचा तोल सांभाळत नाही," डॉक्टर म्हणाले. "मनाचाही सांभाळतो. धीर धरा."

एका संध्याकाळी लेक नवा फ्रॉक घालून आली. "आई, बघ ना! एकच बाही! दुसरी खाल्लीत का हो, बाबा?"

एरवी वहिनी पोट धरून हसली असती. "हो," एवढंच म्हणाली. लेकीचं तोंड एवढंसं झालं. "ही माझी आई नाहीच," म्हणत ती आतल्या खोलीत पळाली.

तेवढ्यात वीज गेली. मशीनच्या तेलाचा वास दाटून आला. आणि दुकानातून मुसमुसणं ऐकू आलं... दाबलेलं, अडखळत. दादाला ते रडणं ओळखीचं होतं. चाचपडत त्यानं वहिनीचा गाल शोधला. कोरडा.

"ऐकलंस?..."

"रोजच रडते ती, दुकानातली." वहिनीचा आवाज सपाट. "मला कळतं हो, रडायला हवं... पण ते तिच्याकडं आहे."

सकाळी दादानं दुकान उघडलं. कोटाची कॉलर ओली होती. चाचपताना टाचणी बोटाला लागली. त्यानं ती हळूच उपसली.

आत भांडं पडलं. लेकीला कवटाळून वहिनी हंबरडा फोडत होती. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आत धावणार, तोच पाठीमागून वहिनीचं ते जुनं, पोट धरून हसणं आलं.

त्यानं डमी वरपासून खालपर्यंत चाचपली. दुसरी टाचणी कुठंच नव्हती. शिवण उसवायला त्यानं कात्री उचलली, मानेला टेकवली...

आत वहिनीनं रडता रडता मान गच्च धरली.

दादानं कात्री खाली ठेवली.