झाडाच्या वाटचं पाणी

बसा ताई. ब्लाऊजला हुक लावायचे तेवढे राहिलेत. त्या कोपऱ्यातल्या झाडाकडं बघून राहिलात ना? प्लास्टिकचं हाय. त्याच्यापायी माझी मान खाली गेली, ती अजून वर न्हाई आली.

गेल्या एप्रिलात शेजारच्या शरणम्मा मावशी डोळ्याच्या ऑपरेशनला मुलाकडं हैदराबादला निघाल्या. किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या हॉलमध्ये रबराचं झाड होतं, माणसाएवढं. त्यांच्या लेकीनं, तनुजानं हौसेनं आणलेलं. पोरगी अकराव्या वर्षी तापानं गेली. मावशी रोज ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायच्या, लेकराचं तोंड पुसल्यागत.

"पुनम, उन्हात ठेवू नको. तीन दिवसाआड एक तांब्या. लातुरात नळ कवा येईल भरवसा न्हाई, म्हणून हा निळा ड्रम भरून ठेवलाय. हे झाडाच्या वाटचं."

"हाव मावशी, बिनघोर जावा."

मग दहा दिवस नळच आला न्हाई. त्यात नणंद लेकरं घेऊन आलेली. आधी त्या ड्रममधून एक बादली आणली, मग दुसरी. कपडे धुतले हो त्या पाण्यानं! झाडाला उद्या घालू, परवा घालू... ड्रम तळाला गेला. पानं पिवळी पडून गळाली, नुसती काठी राहिली. मावशी फोनवर इचारायच्या आन् मी म्हणायचे, "मस्त हाय झाड." लाज कशी वाटली न्हाई मला!

त्या यायच्या आदल्या दिवशी काठी घंटागाडीत टाकली आन् गंजगोलाईच्या बाजारातून हे आणलं. कुंडीत सिमेंट भरलेलं.

मावशी आल्या त्या काळा चष्मा लावून सरळ झाडापाशी गेल्या. एका पानावरून बोट फिरवलं.

"प्लास्टिकचं हाय ना गं?"

मी त्यांचे पायच धरले. लई रडले. मावशी रागावल्या न्हाईत, तेच जास्त लागलं.

"असू दे... पाणी मात्र घालत जाऊ. झाडाला कुठं लागतंय ते? तनुजाला लागतं. पाणी पाणी करत गेली माझी लेक..."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. भर दुपार, लाइट गेलेली, पंखा बंद. फरशी भिजणार म्हणून मी पदर खोचला आन् सिमेंटवर पाणी ओतलं. एक थेंब सांडला न्हाई. आतून आवाज आला... घुट... घुट... घशातून उतरल्यावाणी. तांब्या रिकामा झाला आन् सिमेंट कोरडंच.

दिवाळीत मावशी वारल्या. मुलानं घर विकलं. झाड कुणालाच नको होतं, मी उचलून आणलं. तेव्हापासून तीन दिवसाआडचा तांब्या चुकवला न्हाई.

काल तांब्याचा दिवस होता. मोरीतला माझा ड्रम गच्च भरलेला, पण नळाचा काय भरवसा? म्हणलं, एक दिवस राहू दे, कोण बघतंय...

आज सकाळी झाकण काढलं तर ड्रम ठणठणीत कोरडा. खाली फरशीवर थेंब न्हाई. कडेवर बोटांचे ओले ठसे, बारक्या लेकराचे. माझ्या घरात लेकरू न्हाई, ताई.

मी तिच्या वाटचं पाणी चोरलं होतं. आता तक्रार तरी कोणत्या तोंडानं करू?

हे घ्या ब्लाऊज. जाता जाता मोरीत बघून जावा. दुपारचा एक वाजला, बाहेर एवढं ऊन हाय... ते ठसे अजून वाळले न्हाईत.