संग्रह फोडू नये

चित्रं न्यायला संग्रहालयाच्या बाई आल्या, तेव्हा तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. बाबांनी एकेचाळीस चित्रं संग्रहालयाला देऊन टाकली होती. मृत्युपत्रात बजावलं होतं: संग्रह फोडू नये. अकरा वर्षं त्यांचं सगळं तिने केलं, आणि मागे तिला उरलं काय, तर भिंतींवरचे एकेचाळीस फिके चौकोन.

"एक तरी ठेवा. आईचं."

"ताई, माझ्या हातात असतं तर..." म्हणत बाईंनी भिंग काढलं. प्रत्येक चित्राची आजची स्थिती लिहायची, देणाऱ्याने खाली सही करायची, अशी त्यांची पद्धत. आईच्या चित्राला लिहिलं: शिवणकाम करणारी स्त्री. शेजारी रिकामी खुर्ची. खुर्चीवरच्या रंगाला बारीक तडा.

तिने दात आवळून सही ठोकली.

दीड महिन्याने दालन उघडलं. ती भर दुपारी गेली. दारावर बाबांचं नाव हातभर मोठं. आईच्या चित्राखाली मात्र 'शिवणकाम करणारी स्त्री'. आईला नावच नव्हतं जणू.

मान वर केली, आणि ती थबकली.

चित्रातल्या खुर्चीत बाबा बसले होते. पेपर वाचत.

"इथेही पेपरच!" तिचा आवाज इतका चढला की पहारेकरी वळला. "आई अंथरुणात होती तेव्हाही मान वर केली नाही या माणसाने!"

बाई नोंदीचा कागद घेऊन आल्या. सोबतच्या फोटोत खुर्ची रिकामी होती. त्यांनी भिंग लावलं.

"रंग जुना आहे, ताई. तडा... तडा यांच्या सदऱ्यावरून गेलाय."

"खरवडून काढा त्यांना."

बाई चित्राच्या खालच्या भागाकडे बघत होत्या. आईच्या पायाशी एक बुटकं स्टूल होतं. मोडका पाय लाल सुतळीने आवळलेला. ती वेडीवाकडी गाठ तिनेच मारलेली, सात वर्षांची असताना.

"हे मघाशी नव्हतं," बाई पुटपुटल्या.

ती तडक घरी आली. स्वयंपाकघरात, खिडकीखाली, नेहमीच्या जागी स्टूल नव्हतं. धुळीत चार पायांच्या खुणा होत्या.

फोन वाजला. संग्रहालयातल्या बाई.

"ताई, तुम्ही घरी पोहोचलात ना?"

"हो. का?"

पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज तेवढा येत राहिला, आणि बाईंचं पुटपुटणं: स्टुलावर बसलेली स्त्री.