सायप्रसच्या तळ्यावरची शीळ

धुकं अजून तळ्यातल्या सायप्रस झाडांच्या बुंध्यांना बिलगून होतं. वेंडेल दुर्बीण पुसत मोटरहोमच्या पायरीवर बसला होता. शेजारच्या मोटरहोममधली मार्व्हेला टीग समोर येऊन उभी राहिली.

"तुमची बायको खाजगी तपास करते म्हणे. मेलेल्या माणसाचा करेल?"

वेंडेलच्या बायकोने, कॉनीने, तिला बसवून कॉफी दिली.

दोन वर्षांपूर्वी मार्व्हेलाचा नवरा लेलंड टेक्सासमधल्या याच तळ्यावर वादळात सापडला. उलटलेली होडी पैलतीराला मिळाली. तिकडेच शोध झाला. पण तो मिळाला नाही आणि त्याचा तांबडा कुत्रा बिस्किटही नाही.

"परवा मी पुन्हा इथे आले. तेव्हापासून रोज सकाळी तो बिस्किटला शीळ घालतोय," ती म्हणाली. "नवऱ्याची शीळ मी ओळखणार नाही?"

तेवढ्यात शीळ आलीच. दोन लांब, एक आखूड आणि शेवटी एक कर्र. वेंडेलच्या अंगावर काटा आला.

कॉनीने फांदीवरचा राखाडी पक्षी दाखवला. "मॉकिंगबर्ड. ऐकलेले आवाज उचलतो."

"म्हणजे लेलंडकडूनच उचलला असणार," वेंडेल सुटकेने म्हणाला.

"आणि शेवटची करकर? तुमचं दार वाजायचं का हो?"

"छे. लेलंड बिजागऱ्यांना सारखा तेल द्यायचा."

पलीकडच्या तंबूत नादीन यंत्रावर पक्ष्यांचे आवाज टिपत होती. "शीळ तू वाजवतेस का?" कॉनीने विचारलं.

"माझं यंत्र नुसतं ऐकतं, बाई. आणि तो पक्षी माझ्याकडे फिरकत नाही. त्याचा मुक्काम व्हर्ननच्या ट्रेलर-घरामागे."

व्हर्नन प्रुइट बारा महिने इथेच राहून या मुक्कामतळाची देखभाल करायचा. त्याची मोटरबोट काठाला बांधलेली होती. तिघं ट्रेलरपाशी गेली, तेव्हा तो करकरणारं दार उघडून बाहेर आला. काळ्या विजारीवर तांबूस केस चिकटले होते.

कॉनीने वादळाच्या दिवसाबद्दल विचारलं. "त्या दिवशी मी गावात होतो," तो म्हणाला.

"कुत्रा पाळतोस?"

"कुत्र्यांनी मला शिंका येतात."

मागून पुन्हा शीळ आली. वेंडेल आणि मार्व्हेलाने वर पाहिलं. व्हर्ननने आपल्या दाराकडे पाहिलं.

"शीळ आणि करकर पक्ष्याने एका दमात उचलली," कॉनी म्हणाली. "म्हणजे दोन्ही रोज एकत्र वाजतात. लेलंडचं दार वाजत नव्हतं, तुझं वाजतं. विजारीवर तांबडे केस आहेत. शीळ ऐकून आम्ही झाडाकडे पाहिलं, तू दाराकडे. ती ऐकून आतून कोण येईल, याची तुला धास्ती होती. बिस्किट या काठाला लागला, व्हर्नन. आणि तू इथे होतास."

तिने दार ढकललं. कर्र. आतून थकलेला तांबडा कुत्रा आला, मार्व्हेलाचे हात हुंगू लागला. ती खाली बसून त्याला कुरवाळू लागली.

"प्यायलो होतो," व्हर्नन म्हणाला. "लाटा बघून बोट सोडायचा धीर झाला नाही. होडी वाऱ्याने तिकडे गेली. तो इथेच, त्या तीन झाडांपाशी बुडाला. कुत्रा दाखवला असता तर सगळं कळलं असतं. त्या शिळेशिवाय तो अन्नाला तोंड लावत नाही, म्हणून रोज दार उघडताना मीच ती घालतो."

"लेलंडने हाका मारल्या?" मार्व्हेलाने विचारलं.

"बराच वेळ."

मार्व्हेलाने उठून त्या तीन झाडांकडे पाहिलं. बोटीतलं एक लाइफ जॅकेट तिने अंगात चढवलं, दुसरं त्याच्या पायाशी टाकलं.

"आज तरी बोट सोड," ती म्हणाली.