पाण्यातून आलेली ओ

सुटीत बहिणीकडे आलेल्या मावशीनं भाच्यांना कुठंतरी फिरवून आणायचंच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुनमही त्यासाठीच निघाली होती. हिंगोलीच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. आपण कशाला भीत नाही, हे चारचौघांत सांगायला तिला फार आवडायचं. बहिणीच्या गावाहून, म्हणजे डोंगरकड्याहून, जीपनं अर्ध्या तासावर, तळ्याकाठी, गावकऱ्यांनी विरंगुळा केंद्र उभं केलं होतं. कॅरमचा हॉल, झोके, घसरगुंडी आणि ट्रॉल्यांनी वाळू आणून टाकलेला काठ. त्या काठाला सगळे हौसेनं 'बीच' म्हणत.

निघताना तिची थोरली बहीण कोमल दारापर्यंत आली.

"पुने, लेकराला उकंडाच म्हण बरं. दुसरं नाव घेऊ नको. पाण्यापाशी तर मुळीच न्हाई."

"व्हय गं बाई, किती येळा सांगशील!"

कोमलची देवश्री नऊ वर्षांची. तिच्या पाठचे दोन मुलगे वर्षाच्या आत गेले. तिसरा झाला तेव्हा त्याला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचलून आणून दिलं आणि नाव पाडलं उकंडा. टाकून दिलेल्या पोराला न्यायला कोण कशाला येईल? खरं नाव सोमेश्वर. बारशाला ते एकदाच कानात सांगितलं, आणि पोराला सात वर्षं पुरी होईस्तोवर कुणी उच्चारायचं नाही असं ठरलं. उकंडा आता पाच वर्षांचा होता. आपलं असं काही नाव आहे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पुनमला ठाऊक होतं, कारण आधारचा फॉर्म तिनंच भरला होता.

केंद्राच्या दारात राखणदार हिरासिंग बसला होता. वहीत मुलांची नावं आणि मोठ्यांचा फोन लिहून तो पोहायला हवेच्या ट्यूबा देत होता. मागं नांदेडहून आलेल्या बायका, भारी कपड्यांतल्या, रांगेत उभ्या.

"पोराचं नाव सांगा, ताई."

पुनमनं मागं वळून पाहिलं. त्या बायकांसमोर 'उकंडा' म्हणायची तिला लाज वाटली, खोटं कशाला सांगा.

"सोमेश्वर," ती म्हणाली.

देवश्रीनं चमकून मावशीकडे पाहिलं.

दुपार मजेत गेली. उकंडा लाल चड्डीवर पाण्यात डुंबला, वाळूत लोळला, पुन्हा डुंबला. पाच वाजता लाउडस्पीकर खरखरला. ट्यूबा परत घ्यायच्या म्हणून हिरासिंग वहीतलं एकेक नाव पुकारू लागला. "देवश्री... सोमेश्वर..."

समोरच्या टेकडीवरून प्रत्येक नाव एकदा घुमून येत होतं. सोमेश्वर मात्र दोनदा आलं. दुसऱ्यांदा आलं ते हळू, आणि बाईच्या आवाजात.

पुनमनं मान वळवली. देवश्री झोक्यावर होती. उकंडा कुठंच नव्हता. त्याची ट्यूब पाण्यावर एकटीच डुलत होती.

कोमलला काय सांगायचं? तिसरंही? ती गुडघाभर पाण्यात धावली. माणसं गोळा झाली, हिरासिंग धावत आला. "सोमेश्वर नाव हाय ना? मोठ्यानं हाक मारा, ताई!" आणि पुनम त्याच नावानं गळा फाटेस्तोवर ओरडली.

"सोमेश्वर! सोमेश्वर!"

"ओ..."

पाणकणसांच्या आडून लाल चड्डीतलं पोर चालत आलं. अंगभर शेवाळाचा वास. त्यानं आपणहून तिचा हात धरला. हात गार होता, पण पाण्यातून निघालेल्या पोराचा हात गारच असणार. पुनमनं त्याला छातीशी धरलं आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. टॉवेलात गुंडाळून थेट जीप गाठली. वाटेत पोर पुनमशी एक शब्द बोललं नाही. देवश्री दूरच्या कोपऱ्यात खिडकीला चिकटून बसली होती. घाबरली असेल बिचारी, असं पुनमला वाटलं.

दिवेलागणीला घरी पोचले. तळ्यावरचं कोमलला सांगायचा पुनमला धीर झाला नाही. कोमलनं पोराला मांडीवर घेतलं, दूधभात कालवला आणि भरवू लागली. "एरवी चार घासांत उठतंय. आज बघ, कसं मुकाट जेवून राहिलं!"

पुनम ओट्यावर येऊन बसली. आता कुठं तिच्या जिवात जीव येत होता. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, हिरासिंग बोलतो, तळ्यावरून. तुमचं लेकरू इथंच राहिलं की!"

"कोणाचं? चुकून लावला तुमी. आमचं घरी आलंय."

"न्हाई ताई, तुमचंच. हॉलला कुलूप लावाया गेलो, तर कॅरमच्या टेबलाखाली झोपेल होतं. लाल चड्डी. सोमेश्वर सोमेश्वर म्हणून किती हाका मारल्या, वळूनबी बघत न्हाई. नाव इचारलं तर उकंडा म्हणते..." त्याचा आवाज खाली गेला. "मंग... पाण्यातून तुमी कोणाला नेलं?"

पलीकडून रडवेला आवाज आला. "मावशे, मला भूक लागली. तू काहून गेली?"

पुनमनं फोन कानापासून काढला. दाराच्या चौकटीशी देवश्री उभी होती, ओठ पांढरे पडलेले.

"तुला... माहीत होतं?" पुनमनं कुजबुजत विचारलं.

देवश्रीनं मान हलवली.

"मंग बोलली काहून न्हाईस गं?"

"जीपमंदी चढताना तो माझ्या कानात म्हणला... बोलली तर तुझं नाव बी मला ठाव हाय."

स्वयंपाकघरातून शांत, बारीक आवाज आला. उकंडानं बहिणीला जन्मात ताई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं.

"देवश्री... मावशीला सांग, त्याला आणू नको म्हणावं."

"कोणाला रे, माझ्या राजा?" कोमल हसून म्हणाली, आणि तिनं पुढचा घास त्याच्या तोंडात घातला.