साहेबाच्या तबकड्या

पूर्णा स्टेशनातले तारबाबू अनंतराव दर रविवारी दुपारी पुलाच्या कामावरच्या फ्रेंच इंजिनियराकडे चहाला जात. एकोणचाळीस सालची गोष्ट. साहेब एकटाच. फोनोवर तो पॅरिसच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या तबकड्या लावी. वाजवणारा त्याच्या मुलखातला नामांकित वादक, संगीत अगदी नव्या धाटणीचं. अनंतरावांना त्यातलं काही उमगत नसे. पण तो खर्ज घरी आल्यावरही पोटात घुमत राही.

पावसाळा सरता सरता साहेबाला घटसर्प झाला, लेकरांना पटकन लागणारा रोग. खानसामा चंद्रभान बोलवायला आला, तेव्हा अनंतराव माजघरातच होते. तीन वर्षांची अंबिका मांडीवर.

"सांग, परभणीला गेलेत," ते बायकोला हळूच म्हणाले.

विमलनं तसं सांगितलं.

साहेब गेला. चंद्रभाननं फोनो आणि तबकड्या ओसरीवर आणून ठेवल्या.

"तुमालाच द्या म्हनले. शेवटी लय घाबरे झालते, बाबू. दाराकडंच बघायलते."

अनंतरावांना मान वर करवली नाही.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी त्यांनी धीर करून तबकडी लावली. खर्ज उठला, फडताळातली भांडी थरथरली. मग सुरांच्या मागे काहीतरी घासल्यासारखं ऐकू आलं. तबकडी खराब झाली असेल. त्यांनी दुसरी लावली. तिच्यातही तेच, पण आणखी जवळ.

"विमल, काही ऐकू येतंय का गं?"

"बाजाच की." ती दारात थबकली. "अन् कुणाला तरी धाप लागलीय."

त्यांनी सुई उचलली. तबकडी थांबली.

धाप थांबली नाही.

"साहेब," अनंतराव कसेबसे म्हणाले, "लेकरू लहान होतं हो."

ऐकायला थांबावं तशी धाप थबकली. मग नाहीशी झाली.

त्यांनी सगळ्या तबकड्या पोत्यात भरल्या आणि पूर्णेच्या डोहात सोडल्या. पाण्यावर बुडबुडे आले. मन काही हलकं झालं नाही.

घरी आले, तर विमल अंबिकेच्या उशाशी तोंडाला पदर लावून बसलेली.

"झोपेत गायलीय," ती म्हणाली. "किती हलवलं, उठंना."

किंचित उघड्या ओठांतून ऑर्गनसारखे तीन सूर एकदमच येत होते.

अनंतरावांनी तिच्या छातीवर हात ठेवला. अंग उबदार होतं.

छाती हलत नव्हती.

सूर चालूच होते.