पट्टीवरचा आकडा

फुकट ते पौष्टिक, या तत्त्वावर ते वाचनालय चाललं होतं. एका वारलेल्या चित्रपट-समीक्षकाच्या बायकोने घरातली अडगळ म्हणून खोकंभर सीडी आणून टाकल्या, आणि ग्रंथपालबाईंना कोण आनंद! त्यातली एकही विकतची नव्हती. प्रदर्शनाआधी समीक्षकांना वाटतात त्या प्रसिद्धीच्या प्रती. चित्राखाली सतत पट्टी, 'विक्रीसाठी नाही.'

"या जुनाट सिनेमांचं काय करायचं, बाई?" हंगामी मदतनीस मुलीने विचारलं.

"धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं नसतं करायचं. प्रत्येक सीडी शेवटपर्यंत बघ, मगच वाचनालयाचा शिक्का मार. आज संपव, तर तुला कायम करायचं बोलते वर."

मुलगी दार आपटलं तरी दचकणारी. पण मागच्या कोंदट खोलीत टीव्हीसमोर बसल्यावर तिला नुसती किळस आली. रडका नायक, त्याहून रडकी नायिका! असल्या कचऱ्यावर पोट भरत होता म्हणे तो समीक्षक.

शेवटच्या सीडीत पट्टी बदलली.

'पाहणारे : दोन.'

खोलीत ती एकटीच होती. धुळीच्या वासात आता ओल्या लोकरीचा वास मिसळला होता... अगदी मानेजवळ.

"बाई... जरा येता?"

बाई चष्मा पुसत आल्या. आकडा तीन झाला.

"आपण तर दोघीच..."

"मग? फुकटच्या सीडीला गणितही यायला हवं का? कॉलेज शिकलीस ना गं तू? शिक्का नाही तर नोकरी नाही, सांगून ठेवते."

हसत बाई गेल्या. दार लागलं. 'पाहणारे : एक.'

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे जे काही होतं ते बाईंच्या मागे गेलं! जाईना का, चांगलं जमेल दोघांचं.

पडद्यावर शेवटची नावं सरकू लागली. शिक्का बाहेरच्या टेबलावर होता. बाहेर येऊन तो उचलताना तिने दाराच्या काचेतून सहज आत पाहिलं.

रिकाम्या खुर्चीसमोर सिनेमा चालू होता. पट्टी तशीच. 'पाहणारे : एक.'

म्हणजे ते बाईंच्या मागे गेलंच नव्हतं; मघाच्या त्या एकातून पट्टीने तिलाच वगळलं होतं...

"झालं का गं बघून?" पलीकडून बाई ओरडल्या.

तिने शिक्का परत टेबलावर ठेवला.

"नाही... अजून बघतंय."