कोनाड्यातल्या दुपारी

टिंग.

रविवारच्या दुपारी सगळी इमारत पेंगत असताना शाल्मलीच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या वाटीवर चमचा वाजल्यासारखा आवाज झाला. ती दाण्यांची सालं पाखडत होती, तिचे हात थांबले.

खरं तर तिथे ना वाटी होती ना चमचा. ओट्याच्या वर, बिल्डरने देवांसाठी म्हणून सोडलेल्या कोनाड्यात त्यांचा गृहसंगणक बसवलेला होता. त्याला काही सांगायचं असलं की तो असा वाजायचा. हा आवाज निषादने स्वतः त्याच्यात भरला होता. आमटीची वाटी पुढ्यात घेऊन तो कितीतरी वेळ ती वाजवत बसला होता आणि मग त्यातला एक आवाज त्याने निवडला होता. निषादला जाऊन आता आठ महिने झाले होते. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली आणि हॉस्पिटल गाठायच्या आतच सगळं संपलं. ती वाटी अजून मांडणीत होती. रोज तिच्यात आमटी वाढली जात होती.

"स्मृती भरत आली आहे," कोनाडा म्हणाला. घरात सगळे त्याला कोनाडाच म्हणत. "नव्याला जागा करायची तर जुन्याची आणखी घडी घालावी लागेल. घालू का?"

"एरवी विचारत नाहीस ते?"

"एरवी घडी घातली तरी माणूस ओळखू यायचा. आता कदाचित यायचा नाही."

"मग थांब," शाल्मली म्हणाली आणि पुन्हा सालं पाखडू लागली.

निषाद गेला त्या दिवसापासून तिला सगळं कळत होतं, लागत मात्र काही नव्हतं. चहा गरम आहे हे कळायचं, चटका बसायचा नाही. लोक भेटायला येत आणि तिचा धीर पाहून वाखाणत परत जात. तिला त्यात वाखाणण्यासारखं काही दिसत नव्हतं. नदीचं पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या गाळाला कुणी धीराचा म्हणत नाही.

नदीशी तिचा रोजचा संबंध होता. सांगलीच्या पूरनियंत्रण कक्षात ती कृष्णेच्या पातळीची आकडेमोड करायची. निषाद घरून नकाशे काढायचा, म्हणून दुपारी लेकीला, जुईला, झोपवायचं काम त्याच्याकडे असे. झोपवताना तो एका खेकड्याची गोष्ट सांगायचा. खेकड्याला हरिपूरच्या संगमावर भडंग खायला जायचं असतं, पण त्याची चाल वाकडी, त्यामुळे तो दर वेळी भलतीकडेच पोचतो. शाल्मली तेव्हा ऑफिसात असे. त्या दुपारी ऐकणारे दोघंच होते: एक चार वर्षांचीसुद्धा नसलेली मुलगी आणि एक कोनाडा.

मुलीला त्यातलं फारसं आठवणार नव्हतं, हे शाल्मलीला ठाऊक होतं. म्हणजे जुईचे बाबा जे काही शिल्लक होते, ते कोनाड्यात होते.

सुधन्वा टिल्लू संध्याकाळी आला. निषादचा कॉलेजपासूनचा मित्र, गृहसंगणक बनवणाऱ्या कंपनीत अभियंता. हा कोनाडाही त्यानेच बसवलेला.

"किती स्मृती हवी ते आधी ठरवा, वहिनी," पोह्यांतले दाणे वेचून आधी खात तो म्हणाला. "दुप्पट केलीत तर जुई मोठ्या शाळेत जाईपर्यंत बघायला नको. सगळ्यात मोठा मेमरीचा फलक घातला तर जन्माची ददात मिटली. तुमच्यासारख्या घराला एवढा लागत नाही. निषाद काय म्हणायचा माहितीये ना? दोन खोल्यांच्या घरात तिसऱ्या खोलीएवढी आठवण कशाला."

"म्हणून सगळ्यात लहान घेतला होता त्याने. मला सगळ्यात मोठा हवा."

"ऐकून तर घ्या."

"ऐकते. आधी एक सांगा, घडी घातलेलं परत उलगडतं का?"

सुधन्वाने बशी खाली ठेवली. "बघा, घरातलं सगळं बोलणं जसंच्या तसं ठेवायला कुठलाच फलक पुरत नाही. म्हणून हा नियम काढतो. निषादच्या खूप गोष्टी ऐकल्या की त्यांच्यातलं सारखं तेवढं उचलतो. खेकडा, वाकडी चाल, भडंग. हा झाला नियम. मग त्या-त्या दिवशी नियमाहून काय वेगळं घडलं, त्याची बारीक टिपणं. जागा कमी पडली की टिपणं जातात, नियम राहतो. त्यालाच आम्ही घडी म्हणतो."

"आणि कुठली टिपणं आधी जातात?"

"ते बसवताना घरच्या माणसाला विचारतो तो."

शाल्मलीने वर पाहिलं. "काय सांगितलं होतं रे आम्ही?"

"तुम्ही म्हणाला होतात," कोनाडा म्हणाला, "क्षणभराचं काढून टाक, नेहमीचं ठेव."

बाहेरच्या खोलीत जुई एका खुर्चीला दुसरी खुर्ची बांधत होती.

"आमच्या कामात असंच असतं," शाल्मली सपाट आवाजात म्हणाली. "नदीत पातळी मोजायचा खांब असतो. एखादी म्हैस पाण्यात उतरते, खांबाला अंग घासते. पातळी एकदम हातभर उडते आणि लगेच खाली येते. तो पूर नसतो, म्हैस असते. असे आकडे काढून टाकायला आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. कोनाड्याने विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून तेच आलं."

"मग त्यात चुकलं काय? बरोबरच आहे की."

"नदीसाठी. घरात पूर येतो कुठे हो? घरात सगळ्या म्हशीच असतात."

सुधन्वा हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"पार पुसून टाकतो का तो?" तिने विचारलं.

"पार नाही. किती वेळा झालं ते ठेवतो, कधी झालं ते सोडून देतो. निषाद किती गोष्टींमागे एकदा शिंकायचा, हे तो आजही सांगेल. कुठल्या गोष्टीत शिंकला, ते गेलं." त्याने आवाज खाली आणला. "मोठा फलक घातला तर पुढचं जाणार नाही. पण मागचं येणार नाही. हे आत्ताच सांगतोय, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल."

"त्या तशाही घालते. बसवा."

त्याने फलक बसवला. स्क्रू आवळताना म्हणाला, "आता जागाच जागा आहे. त्यामुळे हा नियमावरून जुन्या घड्या उलगडून ठेवेल, म्हणजे उत्तर चटकन देता येतं. मांडणी बदललेली वाटेल. घाबरू नका."

आठवडा पाळणाघरात आणि ऑफिसात गेला. पुढच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, जुई नेहमीप्रमाणे ओट्याखालच्या चटईवर आडवी झाली. "कोनाड्या, बाबांची गोष्ट."

गेले आठ महिने कोनाडा निषादच्या आवाजात एकच गोष्ट सांगत होता. खेकडा निघतो, वाकडा जातो, मिरजेच्या स्टेशनावर पोचतो. शाल्मलीला ती पाठ झाली होती. ती गॅसवर दुधाचं पातेलं तापवत होती.

"तर आज काय झालं, जुयडे," निषादचा आवाज म्हणाला, "आपला खेकडा रिक्षात बसला."

शाल्मलीने मागे वळून पाहिलं.

"रिक्षावाला म्हणाला, कुठे जायचं? खेकडा म्हणाला, हरिपूर. पण पैसे द्यायला याने नांगी पुढे केली ती चुकून हँडललाच अडकली. झालं, रिक्षाही वाकडी चालायला लागली. आणि मग... थांब हं." एक श्वास. मग सणसणीत शिंक. निषादची, सगळ्या मजल्याला ऐकू जाणारी. "ऐकलंस? रिक्षावाल्याला सर्दी झाली."

जुई खिदळली. ती किती दिवसांनी अशी हसत होती, ते शाल्मलीला सांगता आलं नसतं. तिचा हात पातेल्याच्या कडेला लागला आणि चटका बसला. बऱ्याच दिवसांनी बसला. तिने बोटं नळाखाली धरली आणि तशीच उभी राहिली.

गोष्ट संपली. जुई पालथी होऊन चटईच्या काड्या उपसू लागली.

"ही कधीची रे?" शाल्मलीने हळू विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यातल्या एका दुपारची," कोनाडा म्हणाला. त्याने आवाजही तिच्याएवढाच हळू केला.

"आधी कधी ऐकवली नाहीस."

"घडीत होती. आता उलगडली."

"शिंक पण घडीत होती?"

"शिंक काढून टाकली होती. पण निषाद अधूनमधून शिंकत. इतक्या दुपारी उलगडल्या आणि एकातही शिंक नाही, तर त्या त्यांच्या वाटल्या नसत्या. म्हणून जिथे बसेल तिथे ठेवली."

"आणि रिक्षा?"

"खेकडा कधीकधी वाहनात बसत असे. हे नियमात आहे."

तिने नळ बंद केला. तिला हे ओळखीचं होतं. पावसात खांबावरचं यंत्र बंद पडलं की मधल्या तासांचे आकडे त्यांच्या कक्षातही असेच भरत. वरच्या गावाचं पाणी बघायचं, खालच्याचं बघायचं, मधलं बेताने लिहायचं. फक्त तिथे भरलेल्या आकड्याशेजारी फुली मारतात.

"मग फुली मार," ती म्हणाली. "ऐकलेलं कुठलं, भरलेलं कुठलं."

"तशी खूण प्रत्येक दुपारला होती. एकेका दुपारपुरती, म्हणजे क्षणभराचीच. घडी घालताना तीही गेली."

शाल्मली स्टुलावर बसली. "माझं काहीतरी ऐकव. त्याच दिवसांतलं."

क्षणात तिचाच आवाज आला, दारातून आत येतानाचा, दमलेला: "निषाद, दूध चाललंय बघ वर, लक्ष कुठंय तुझं? आणि हिला झोपवलं नाहीस अजून?"

ती हे म्हणाली असेल. शंभरदा म्हणाली असेल. ती आठवू लागली आणि तिला आठवलंही: हिरवा कुर्ता, खांद्यावरची पर्स, गॅसवर पसरलेला साईचा डाग, ओशाळून फडकं शोधणारा निषाद. सगळं स्वच्छ दिसत होतं. आणि पाच मिनिटांपूर्वी यातलं काहीही तिच्याकडे नव्हतं.

"उलगडलेलं सगळं काढू शकतो," कोनाडा म्हणाला. "मग पुन्हा ती एकच गोष्ट उरेल. मिरजेच्या स्टेशनाची."

"तीच तेवढी खरी आहे का?"

"ती अशी त्यांनी कधीच सांगितली नव्हती. ती सगळ्यांतली सारखी तेवढी आहे."

दूध वर आलं. तिने उठून गॅस बंद केला. काढ म्हणायचं की राहू दे म्हणायचं, दोन्ही शब्द तोंडात सारख्याच वजनाचे होते आणि दोन्हींना चव नव्हती. पोळलेल्या बोटांवरची आगही आता कमी होत चालली होती.

जुई चटईवर उठून बसली. तिच्या केसांत एक काडी अडकली होती.

"आई, बाबा हे सांगत होते तेव्हा तू नव्हतीस ना?"

"मी ऑफिसात होते, बाळा."

"मी होते."

"हो, तू होतीस."

जुईने गालाला हात लावला आणि तो तसाच तिथे धरून ठेवला.

"मला आठवलं. बाबा शिंकले ना, तर ते इथे उडालं होतं, माझ्या गालावर. आणि बाबांनी शर्टाने पुसलं." ती शाल्मलीकडे बघत राहिली. "उडालं होतं ना गं, आई?"